घरात कोणाला होता का?

४ जानेवारी

ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर बोलायचं तर हे शेजारच्या खाटेवर डोळे मिटून पडलेले असतात आणि एकूण एक शब्द ऐकतात. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली, त्यामुळे झोपेतही चूक निसटत नाही. परवा वॉर्डातल्या पाटीवरचा ‘रूग्ण’ नर्सला सांगून ऱ्हस्व करून घेतला. स्वतः उठून बसायला दोन माणसं लागतात, पण उकार जागेवर हवा.

तुझ्या भाऊजींचं लिव्हर आक्रसून निबर झालंय, हे तुला माहीत आहेच. भेटेल तो विचारतो, ‘पीत होते का हो?’ आधी मी रागवायचे. आता सांगते, हो, पिंप भरून ठेवायचो घरात. मग पुढचे प्रश्न येत नाहीत.

इथल्या लिव्हरच्या डॉक्टरबाई म्हणतात, आता नवीन लिव्हरशिवाय गत्यंतर नाही. पण यादीत नाव घालण्याआधी शरीराचा कानाकोपरा तपासतात. नवीन लिव्हर शरीरानं परकं म्हणून हाकलू नये यासाठी प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं जन्मभर घ्यायची असतात. अशा वेळी छातीत कुठे टीबीचा जंतू झोपलेला असेल तर तो उठून बसतो. म्हणून तो आधीच शोधायचा.

हातावर सुई टोचली. दोन दिवसांनी फुगवटा मोजायला आले तर टोचलेली जागासुद्धा सापडेना. मी म्हटलं, चला, सुटलो. बाई म्हणाल्या, इतक्यात नाही. मग रक्त पाठवलं. रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘निष्कर्ष काढता येत नाही.’ पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. याचा अर्थ काय घ्यायचा? आहे की नाही?

फॉर्मवर एक प्रश्न होता, घरात कोणाला टीबी झाला होता का? मी ‘नाही’ लिहिलं. यांनी फॉर्म वाचला, दोन अनुस्वार घातले आणि सही केली.

तू रोज हेच काम करतेस, म्हणून तुला विचारते. एरवी त्रास दिला नसता.

ताई


११ जानेवारी

ताई,

त्रास कसला गं त्यात? पत्र आलं तेव्हा मी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर होते. हातमोजे काढून, हात धुऊन, जिन्यात बसून वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, ओळीच्या जरा वर तरंगणारं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या रक्ताच्या तपासणीत एकाच माणसाचं रक्त वेगवेगळ्या नळ्यांत घेतात. एका नळीत टीबीच्या जंतूचे तुकडे असतात. आधी कधी त्या जंतूशी गाठ पडली असेल तर रक्त त्यांना ओळखतं आणि खवळतं. दुसऱ्या एका नळीत असं काहीतरी असतं, ज्यानं कोणाचंही रक्त खवळायलाच हवं. ही नळी म्हणजे रक्त जागं आहे ना, एवढंच बघण्यासाठी. भाऊजींचं रक्त या दुसऱ्या नळीतही गप्प राहिलं. मग पहिल्या नळीतल्या गप्पपणाचा अर्थ कसा लावणार? हाक मारल्यावर घरातून ओ आली नाही, तर घर रिकामं आहे की आतलं माणूस बोलू शकत नाही, हे दाराबाहेरून कळत नाही.

लिव्हर फार दिवस आजारी असलं की असं होतं. सुईचा फुगवटासुद्धा म्हणूनच येत नाही. तेव्हा ‘नाही’ असं समजू नकोस. ‘माहीत नाही’ असं समज.

बाईंना सांग, घरातल्या धडधाकट माणसाची तीच तपासणी करून बघा. म्हणजे तुझी. बरोबर राहणाऱ्या माणसाचं रक्त कधी कधी आजाऱ्याच्या वतीनं बोलतं.

इथे कामाचा ढीग आहे. दोघीजणी रजेवर, आणि तपासायला येणारे बेडके काही रजेवर जात नाहीत. तू जेवतेस ना वेळेवर? भाऊजींना नमस्कार सांग.

ठमी


२७ जानेवारी

ठमे,

तू सांगितलंस तसं केलं, आणि भलतंच निघालं. माझं रक्त चांगलंच खवळलं. छातीचा फोटो स्वच्छ आहे, मला आजार नाही, पण जंतू कधीतरी माझ्या आत येऊन बसलाय. बाई म्हणाल्या, ‘तुम्हाला आहे म्हणजे यांना असण्याची शक्यता वाढली. पण तो आला कुठून, आणि केव्हा?’ मी म्हटलं, मला कसं ठाऊक? त्या म्हणाल्या, ‘आठवा. ज्याच्याकडून आला त्यानं औषध पूर्ण घेतलं होतं का, त्याला ते लागू पडलं होतं का, हे कळलं तर आम्हाला पुढे पाऊल टाकता येईल. टीबीच्या गोळ्या लिव्हरवर जातात. यांच्या लिव्हरमध्ये जीव उरलेला नाही, त्यामुळे अंधारात गोळ्या द्यायच्या म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि दुर्लक्ष करून ऑपरेशन केलं तर त्यानंतर तो जंतू उठेल.’

मी रात्रंदिवस डोकं खाजवलं. मग यांच्या छापखान्यातला यंत्रावरचा माणूस आठवला. सदा खोकायचा, आमच्याकडे यायचा, यांच्याच कपातून चहा प्यायचा. जाऊन आता बारा वर्षं झाली. त्याच्या बायकोचा पत्ता काढला आणि गेले. चौथा मजला, जिना अरुंद. तिनं दार उघडलं, खुर्ची दिली. कसं विचारायचं ते कळेना, म्हणून एकदम विचारलं, ‘त्यांना टीबी होता का?’

तिनं उघडं दार लोटून घेतलं. म्हणाली, ‘त्यांना दमा होता. तेव्हाही लोक असंच कुजबुजायचे. माझ्या मुलीचं लग्न मोडलं त्यापायी. तुम्ही इतकी वर्षं आला नाहीत आणि आलात ते हे विचारायला?’ तिनं त्याची सगळी जुनी कागदपत्रं माझ्यासमोर टेबलावर ठेवली. वाचायला लावली. दमाच होता. चुलीत हात घालून मी परत आले.

यांना सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून पडले ते संध्याकाळपर्यंत वळलेच नाहीत. पोटात पाणी भरलंय, परवा सुईनं पाच लिटर काढलं. अधूनमधून बोलण्यात घोटाळा होतो. काल मला म्हणाले, ‘बाई, आमची मंडळी कुठे गेली?’ मी म्हटलं, ‘येतील हो इतक्यात.’

मी दमले, ठमे. आता कोणाच्या दारात जाऊन विचारू?

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

कोणाच्याही दारात जाऊ नकोस. तो माझ्याकडून आला.

चार वेळा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते. मी एकोणीस वर्षांची, कोर्ससाठी तुमच्याकडे राहायला आले होते. तुला सातवा महिना होता. आधी दोनदा पोट पडलेलं, म्हणून तुला जिना उतरायचीही बंदी. मला दोन महिने खोकला होता. तुझी झोप मोडू नये म्हणून मी उशीत तोंड खुपसून खोकायचे. एका सकाळी मोरीत रक्त पडलं. मी पाणी ओतत होते तेवढ्यात भाऊजी दात घासायला आले. त्यांनी पाहिलं. माझ्या हातातला तांब्या घेतला आणि मोरी स्वतः धुतली.

दुसऱ्या दिवशी ते मला छातीच्या दवाखान्यात घेऊन गेले. थुंकीत जंतू निघाले. मग सहा महिने आठवड्यातून तीनदा, सकाळी साडेसहाला, तिथल्या नर्ससमोर मूठभर गोळ्या गिळायच्या. तुला सांगितलं होतं, जादा क्लास आहे, भाऊजी सोडायला येतात. तुला कळलं तर तू धास्ती घेशील आणि हेही बाळ जाईल, या भीतीनं आम्ही दोघं वेडे झालो होतो. मी त्यांना शपथ घातली. ते म्हणाले, ‘बाळ सुखरूप होऊ दे, मग मीच सांगतो.’

बाळ झालं. दवाखान्यात सांगितलं होतं की आता माझ्यापासून कोणाला धोका नाही, पण माझा विश्वास बसेना. म्हणून मी तिला एकदाही मांडीवर घेतलं नाही. तू दोनदा पुढे केलीस आणि दोनदा मी काहीतरी निमित्त काढून उठले. ते अजून डोळ्यांसमोर आहे. मग ती चार महिन्यांची असताना तू माझी हॉस्टेलवर सोय केलीस, मी गेले, आणि सांगायचं राहून गेलं. आधी सांगायला भीती वाटत होती. नंतर इतके दिवस का सांगितलं नाही, हे सांगायची भीती वाटायला लागली.

तुझ्या पहिल्या पत्रात तो फॉर्म वाचला तेव्हाच मी लिहायला हवं होतं. नळ्यांवर पानभर लिहिलं, आणि हे एक वाक्य लिहिता आलं नाही. त्यापायी तुला त्या बाईकडे जावं लागलं. तिची माफी मागायला मी स्वतः जाईन.

दवाखान्याचं कार्ड मी जपून ठेवलंय, ते सोबत जोडते. तारखा, वजन, प्रत्येक डोसपुढे नर्सची सही. एकही डोस चुकलेला नाही, शेवटच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ. साधी औषधं लागू पडली होती, हे बाईंना मुद्दाम सांग. त्यांना तेच हवंय. आजच्या आज दे.

ठमी


२० फेब्रुवारी

ठमाबाई,

हात थरथरतो, तेव्हा अक्षराकडे काणाडोळा कर. मजकूर शुद्ध आहे. तुझ्या पत्रात दोन ठिकाणी ‘आणि’ दीर्घ होता. मी दुरुस्त केलाय.

तुझी ताई पत्र वाचून उठली आणि सरळ बाईंच्या खोलीत गेली, कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि परत येऊन माझी चादर बदलली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. ‘गोळी घ्या.’ ‘कूस बदला.’ दोन आठवडे झाले. तुला लिहिलंय का तिनं? मला नाही वाटत.

बाईंनी कार्ड वाचल्यावर पुन्हा सगळं तपासलं. माझ्या छातीचा बारीक काप काप दाखवणारा फोटो काढला. उजवीकडे वरती एक जुना खडा दिसतोय. बाई म्हणाल्या, हा इथेच बसलाय, फक्त उठलाय की नाही ते बघायला हवं. पोटातलं पाणी आणि छातीतला कफ वाढवायला ठेवलाय. तुझ्याच धंद्यातली गोष्ट, तू जाणतेसच. जंतू उगवायचा तर सहा आठवडे लागतात. तोवर यादीत नाव नाही.

तू सांगितलंस ते बरं केलंस. मी फॉर्मवर सही केली तेव्हा मला वाटलं, शपथ आहे. खरं सांगायचं तर शपथ हे निमित्त. बायकोला बावीस वर्षं फसवलं, हे मरायच्या वेळी कबूल करायचा कंटाळा आला होता. त्या यंत्रवाल्याच्या बायकोचं ऐकलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून मी हेच मोजत होतो, की आता एका गप्प राहण्याचे किती जणांना चटके बसतात.

तू बरी राहा.

भाऊजी


६ एप्रिल

ठमे,

आधी निकाल. काहीही उगवलं नाही, कफातही नाही आणि पोटातल्या पाण्यातही नाही. जंतू आहे, पण झोपलेला आहे, असं धरून चालायचं बाईंनी ठरवलं. रक्त अजूनही ओ देत नाही. तिसऱ्यांदाही निष्कर्ष नाहीच. त्या म्हणाल्या, ‘मशीन गप्प आहे, पण तुमच्या बहिणीचं कार्ड बोललं.’ गोळ्या आत्ता द्यायच्या नाहीत. ऑपरेशन होऊ दे, नवीन लिव्हर रुळू दे, मग दर आठवड्याला रक्त तपासत द्यायच्या. काल यांचं नाव यादीत गेलं. लेकीचीही तपासणी केली, ती स्वच्छ आहे. मी माझ्या गोळ्या सुरू केल्या, चार महिन्यांच्या.

आता दुसरं. दोन महिने लिहिलं नाही, कारण काय लिहायचं तेच कळत नव्हतं. तुला वाटत असेल, आजार लपवलात म्हणून मी रागावले. तसं असतं तर बरं झालं असतं.

मी तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहायचे. पोट घेऊन. तुम्ही दोघं साडेसहाला निघायचात, हळूच दार ओढून. परत यायचात तेव्हा तुझे डोळे लाल आणि तुझी पिशवी यांच्या हातात. मी खोलीत आले की बोलणं थांबायचं. एकदा जिन्यात तू पायरीवर बसली होतीस आणि यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता. मी वरून पाहिलं आणि परत आत गेले. बाळ पुढे केलं तर तू नजर चुकवून उठायचीस. मी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं आणि ‘हो’ म्हणाले असते, तर बाळ घेऊन जाणार कुठे? म्हणून हॉस्टेल शोधलं. ‘उद्या जा’ म्हटलं. तू रडलीस, मला वाटलं यांच्यासाठी रडतेस. नंतर तू आलीस की मी दोन दिवसांच्या वर तुला राहू दिलं नाही, लक्षात आलंय का तुझ्या? आलंच असेल.

बावीस वर्षं मी तुम्हा दोघांना माफ करत आले. रोज थोडं थोडं, भांडी घासावीत तसं. मोठेपणा वाटायचा त्यात. आता कळतं की माफ करण्यासारखं काही नव्हतंच. मग मी इतकी वर्षं काय करत होते?

यांना सांगितलं सगळं. त्यांनी चष्मा काढून उशीजवळ ठेवला. मग म्हणाले, ‘अगं, विचारायचं तरी.’ मी म्हटलं, ‘आणि तुम्ही सांगायचं तरी.’ एवढंच भांडण झालं. त्यांना बसवत नव्हतं आणि मला उभं राहवत नव्हतं.

ताई


१५ एप्रिल

ताई,

पत्र वाचून मला तुझा इतका राग आला की दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. मी आणि भाऊजी! पाच मैलांवरून बघणाऱ्यालाही असं दिसलं नसतं. एकोणीस वर्षांची पोर मी, गोळ्यांनी जीभ कडू, पोटात ढवळायचं, जिन्यात बसले ते ओकारी येत होती म्हणून. आणि वर तू माझ्याबद्दल हे घेऊन बसलीस, लग्नाआधी, लग्नानंतर, माझा नवरा गेला तेव्हा चार दिवस येऊन गेलीस तेव्हासुद्धा.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत काम करताना राग संपला. संपला म्हणजे दमला. तुला जे दिसलं तेच तू पाहिलंस. आम्ही दार लावून घेतलं, तू फटीतून बघितलंस. फटीतून कधी पूर्ण दिसतं का?

मी पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. वीस तारखेला येते. दोन दिवसांनी जा म्हणालीस तर जाणार नाही. आधी त्या चौथ्या मजल्यावर जाऊ, दोघी. मग तू घरी जाऊन झोप, आणि खाटेशेजारी मी बसेन.

ठमी


१२ सप्टेंबर

ठमे,

तू जाऊन चार महिने झाले, आणि ऑपरेशनला साडेतीन. फोनवर सगळं कळतंच तुला, पण आता फोनवर बोलून पोट भरत नाही. लिहायची सवय लागली.

यांच्या टीबीच्या गोळ्या जुलैत सुरू झाल्या. तिसऱ्या आठवड्यात लिव्हरचे आकडे चढले. बाईंनी गोळ्या थांबवल्या. आम्ही दोघं दहा दिवस एकमेकांकडे बघत बसलो, नवीन लिव्हरही गेलं की काय म्हणून. आकडे उतरले. पुन्हा हळूहळू सुरू केल्या. आता सहा आठवडे झाले, आकडे जागेवर आहेत. अजून बरेच महिने घ्यायच्या आहेत. लोक म्हणतात, जिंकलात. मला जिंकल्यासारखं काही वाटत नाही. दर सोमवारी रक्त द्यायचं आणि बुधवारपर्यंत श्वास धरायचा, एवढं कळतं. हे मात्र काठी न घेता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात आणि दुकानाच्या पाटीतली चूक काढून परत येतात.

त्या चौथ्या मजल्यावरच्या बाई परवा आल्या होत्या. यांना बघायला. चहा घेतला, जाताना म्हणाल्या, ‘तुमची धाकटी बहीण सरळ आहे हो.’ मी म्हटलं, ‘हो. मला उशिरा कळलं.’

माझ्या गोळ्या मागच्या महिन्यात संपल्या. तू बजावलं होतंस, तरी पहिल्या दिवशी लघवी नारिंगी बघून मी किंचाळलेच. जीभ कडू व्हायची. सकाळी उपाशीपोटी घेतली की तासभर आत ढवळायचं, भिंत धरून बसायचे. मी एकाच जातीची गोळी घेत होते, तीही पंचावन्नाव्या वर्षी, आणि विचारपूस करायला घरात दोन माणसं. तुला मूठभर घ्याव्या लागल्या, आणि घरात येऊन हसऱ्या चेहऱ्यानं माझ्या हाताखाली काम करावं लागलं. मी त्या वेळी तुला म्हणायचे, तोंड का वाकडं करतेस, स्वयंपाक आवडत नाही का. आठवतं मला.

पंधरा दिवस तू इथे होतीस, पण आपण यांच्याबद्दलच बोललो. तुझा आजार राहूनच गेला. त्या सहा महिन्यांत तुला काय काय झालं, पहिल्या दिवशी नर्स काय म्हणाली, कशाची भीती वाटायची, खोकला कधी थांबला, बरी झालीस हे सांगितलं तेव्हा तू एकटी होतीस का, हे मला कोणीच सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

आता विचारते. सगळं लिही. लांबलं तरी चालेल.

ताई